‘कमिट करा’ म्हणजे नेमके काय करा?

प्रश्न : मी ३७ वर्षांची असून पुण्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या ११ वर्षांच्या मुलीला दर रविवारी स्केटपार्कवर नेताना दोन तास नुसते कठड्यावर बसून राहण्याचा कंटाळा आला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून मीही तिच्या जुन्या स्केटबोर्डवर शिकू लागले. आता रॅम्पवर वर जाऊन तसेच उलटे परत येणे आणि किकटर्न, म्हणजे पुढची चाके उचलून मागच्या चाकांवर वळणे, एवढे जमते. तीन फुटी रॅम्पवरून ड्रॉप-इनही, म्हणजे वरच्या काठावरून थेट उतारावर उतरणे, चार-पाच वेळा केले आहे. पण काठावर क्षणभर थांबण्याचे जे स्टॉल प्रकार आहेत, त्यांतला रॉक टू फेकी दोन महिने झाले तरी जमत नाही. पुढची चाके काठावरच्या पाइपच्या पलीकडे जातात आणि परत येताना तिथेच अडकतात. तीन आठवड्यांपूर्वी अशीच मागे आपटले आणि उजवे मनगट दुखावले, ते अजून दुखते. तिथली मुले मायेने म्हणतात, ‘काकू, घाबरू नका, कमिट करा.’ माझे काय चुकते आहे? कोणत्या क्रमाने शिकावे? नवा बोर्ड घ्यावा का? आणि या वयात हे करण्यात काही शहाणपण आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण आधी जो विचारला नाही त्याबद्दल लिहितो. पडल्यानंतर तीन आठवड्यांनीही मनगट दुखत असेल, तर ते अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय बोर्डला हात लावू नका. अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर कळ येत असेल तर विशेष घाई करा, कारण त्या खळग्याखाली होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते, मागे पडताना हात टेकला की त्याला चीर जाऊ शकते, आणि ती चीर पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. ‘एक्स-रे काढला होता, काही नाही निघाले’ असे तुमच्या बाबतीत झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता त्या ‘कमिट करा’बद्दल. मुले खोटे बोलत नाहीत, पण त्या सल्ल्यात किती जोर लावायचा एवढेच सांगितलेले असते. वजन कुठे न्यायचे, कधी न्यायचे आणि परत कधी आणायचे यांपैकी काहीच सांगितलेले नसते. बारा वर्षांचे मूल वीस वेळा पडून ते अंगानेच शोधून काढते. आपल्याला वीस वेळा पडणे परवडत नाही, म्हणून आपण ते आधी समजून घ्यावे. तुमच्या भीतीबद्दलही मी थोडे वेगळे म्हणेन. काठावर गेल्यावर तुमचे शरीर कच खाते, कारण तिथून परत कसे यायचे हे त्याला अजून ठाऊक नाही, आणि ही त्याची तक्रार रास्त आहे. स्टॉल म्हणजे वर थांबणे असे नाव सांगते, परंतु त्या युक्तीचा अवघड भाग थांबण्यात नसून उतरण्यात आहे. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे : ज्या स्टॉलमधून उतरणे तुम्हाला आधीच येते, तो स्टॉल आधी शिका.

रॉक टू फेकीत काय घडते ते सावकाश पाहू. तुम्ही सरळ वर जाता, पुढची चाके कोपिंगच्या, म्हणजे काठावरच्या पाइपच्या, पलीकडे फलाटावर जातात, बोर्डचे पोट पाइपवर टेकते, आणि बोर्ड क्षणभर सी-सॉच्या फळीसारखा होतो. मागचा पाय टेलवर, म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकावर, असतो आणि तो अजून उताराच्या बाजूला, हवेत असतो. या क्षणी समोर सपाट, सुरक्षित फलाट दिसतो आणि माणूस नकळत त्याच्याकडे झुकतो. गुडघे ताठ होतात, कंबर पाइपच्या पुढे जाते, सगळे वजन पुढच्या पायावर येते. मग बोर्ड मागे सरकू लागला की वजनाखाली दाबलेली पुढची चाके पाइपला पलीकडून येऊन अडतात. बोर्ड थांबतो, तुम्ही थांबत नाही, आणि पाठमोरे असल्यामुळे हात मागे जातात. तुमच्या मनगटाची हकीकत बहुधा एवढीच आहे.

यावरचा उपाय धाडस वाढवण्यात नाही. पुढच्या पायाने बोर्ड पाइपवर नुसता टेकवायचा असतो, त्यावर उभे राहायचे नसते. कंबर सतत पाइपच्या अलीकडे, उताराच्या बाजूलाच ठेवायची. आणि पोट टेकल्याचा आवाज झाला की लगेच टेलवर हलका दाब देऊन पुढची चाके पाइपवरून सुटतील एवढीच उचलायची. दाब जास्त झाला तर बोर्ड पायाखालून पुढे निसटेल आणि तुम्ही पाठीवर पडाल, म्हणून ‘हलका’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. ही हालचाल रॅम्पवर जाण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमधल्या सहा इंची पायरीवर करून पाहता येते : पुढची चाके पायरीवर, पोट पायरीच्या कडेवर, एक हात खांबाला, आणि मग वजन मागे घेऊन चाके उचलून खाली येणे. बोर्डच्या पोटाला ओरखडे पडतील, ते पडू द्या. वॉचमनकाका चौकशी करतील, त्यांना मुलीचे नाव सांगा.

परंतु हे सगळे तुम्ही आत्ता करू नये असेच माझे मत आहे. अनेक ठिकाणी रॉक टू फेकी हा पहिला स्टॉल म्हणून शिकवतात, कारण वर जाताना तो सगळ्यांत सोपा वाटतो. पण चुकल्यास पाठमोरे पाडणारा प्रकार मोठ्या माणसाने पहिला शिकू नये. पहिला शिकावा तो टेल स्टॉल.

टेल स्टॉलची अखेरची स्थिती तुम्हाला आजही येते, कारण ड्रॉप-इनपूर्वी तुम्ही फलाटाच्या काठावर उभ्या असता ती हीच : टेल पाइपवर, मागची चाके पाइपला खालून टेकलेली, पुढचा भाग हवेत, वजन मागच्या पायावर. फरक इतकाच, की इथे तुम्ही फलाटावरून त्या स्थितीत येत नाही, तर खालून उलट्या, म्हणजे फेकी, चालीने वर येता. त्यासाठी आधी समोरच्या रॅम्पवर सरळ थोडे वर जा, फेकीत परत या, सपाट भागातच मान वळवून मागच्या खांद्यावरून पाइपकडे पाहू लागा आणि शेवटपर्यंत नजर तिथेच ठेवा. मागची चाके पाइपपाशी पोहोचतील तेव्हा टेल दाबायची. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. तो आला की मागचा पाय सरळ करत अंग वर, टेलच्या डोक्यावर आणायचे, श्वास घ्यायचा, आणि नेहमीसारखे ड्रॉप-इन करायचे. आवाज घासल्यासारखा आला तर टेल लवकर दाबली गेली. चाके पाइपवर धडकली तर उशिरा. पहिल्या दिवशी कुणाला तरी फलाटावर उभे करून त्याचा हात धरा. मुलीचाच धरा, तिला फार आवडेल. मात्र तुमचे चार-पाच ड्रॉप-इन पुरेसे नाहीत. ती संख्या ५० वर जाईपर्यंत, म्हणजे पुढच्या पायाने चारही चाके विचार न करता उतारावर आपटता येईपर्यंत, टेल स्टॉललाही थांबवून ठेवा.

इथे वेगाचा मुद्दा येतो, आणि बहुतेकांचे स्टॉल धैर्यापेक्षा वेगाअभावी फसतात. खालच्या सपाट भागातून तीन फूट वर जाऊन नेमके काठावर थांबायचे, तर खाली सुमारे ताशी १५ किलोमीटर वेग लागतो, म्हणजे आरामात चालवलेल्या सायकलीएवढा. रॅम्पच्या गोलाईत खाली बसून वर उठण्याचे पंपिंग नीट येत असेल, तर उरलेला वेग ते पुरवते. घाबरलेला माणूस नेमका हाच वेग कमी करतो, मग दोन इंच खाली अडतो आणि तिथून पाय झाडून पाइपपर्यंत पोहोचू पाहतो, आणि तोल जातो तो तिथे. वेग योग्य असेल तर वरच्या टोकाला क्षणभर वजन गेल्यासारखे वाटते. सगळे स्टॉल त्या क्षणात करायचे असतात. उताराचा कोन किती असतो हेही सांगून ठेवतो, कारण तो डोळ्यांना असतो त्यापेक्षा मोठा वाटतो : उंची तीन फूट आणि गोलाईची त्रिज्या सात फूट असेल, तर काठाशी तो सुमारे ५५ अंश भरतो. उभी भिंत ९० अंशांची. तुम्ही अजून भिंतीपासून बऱ्याच दूर आहात.

टेल स्टॉल दहांतून आठ वेळा जमू लागला की अॅक्सल स्टॉलकडे वळा. यात दोन्ही ट्रक, म्हणजे बोर्डखाली चाके बसवलेले धातूचे आस, पाइपवर बसतात, प्रत्येक ट्रकचे एक चाक फलाटावर आणि एक उताराच्या बाजूला राहते, आणि तुम्ही पाइपला समांतर उभ्या राहता. सुरुवात बॅकसाइडने करा : डावा पाय पुढे ठेवत असाल तर वर जाताना उजवीकडे, उजवा पाय पुढे असेल तर डावीकडे वळायचे, म्हणजे थांबल्यावर तोंड उताराकडे आणि टाचा फलाटाकडे येतात. उतरायची जागा डोळ्यांसमोर असते, हा मोठा फायदा. तुमचा किकटर्न इथे कामी येतो, कारण अॅक्सल स्टॉल म्हणजे काठापर्यंत उंच नेलेला आणि अर्ध्यावर थांबवलेला किकटर्नच आहे. पुढची चाके पाइप ओलांडतात, टेलवर वजन घेऊन वळता वळता मागचा ट्रक आधी पाइपवर बसतो आणि मग पुढचा त्याच्या रांगेत ठेवला जातो. मागचा ट्रक बसला की खणखणीत आवाज येतो आणि पायाखाली कुणीतरी कडी लावल्यासारखे वाटते. तो आवाज येण्याआधी पुढचा ट्रक ठेवायची घाई केली, तर मागची चाके उतारावरच राहतात आणि बोर्ड खाली घसरतो. लॉक झाल्यावर वजन किंचित टाचांवर, फलाटाच्या बाजूला ठेवा. पडायचेच असेल तर एक पाऊल मागे टाकून फलाटावर उतरता येते. उतरताना टेलवर थोडा दाब, ज्या बाजूला वळत होतात त्याच बाजूला खांदे पुढे, आणि पुढची चाके उतारावर ठेवताच वजन पुढच्या पायावर. हेही शेवटी ड्रॉप-इनच आहे, फक्त पाव वळण घेऊन केलेले. त्यानंतर रॉक टू फेकीकडे परत या. वेळापत्रक आखू नका. मला स्वतःला वयाच्या ३३व्या वर्षी टेल स्टॉलपासून रॉक टू फेकीपर्यंत यायला एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा लागला होता.

स्वतःला दोष देण्यापूर्वी एकदा पाइपही तपासा. पाण्याच्या नळकामात ज्याला दोन इंची जीआय पाइप म्हणतात, त्याचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे ६० मिलिमीटर भरतो, आणि रॅम्पच्या काठाला सामान्यतः त्याच मापाचा पाइप बसवतात. तो फलाटाच्या पातळीपेक्षा आणि उताराच्या पृष्ठभागापेक्षाही थोडा बाहेर आलेला असावा लागतो, सहा ते दहा मिलिमीटर. मोजायला पट्टी पाइपवर टेकवून फलाटावर आडवी धरा. पट्टीच्या खाली फलाटापाशी साधी पेन्सिल जेमतेम मावत असेल तर पाइप ठीक बसवला आहे. मी शिकलो त्या रॅम्पवर ठेकेदाराने तो काँक्रीटमध्ये जवळजवळ बुडवूनच टाकला होता. तिथे ट्रकला धरायला काही उरले नव्हते, आणि मी मात्र सहा महिने माझ्याच पायांना शिव्या देत होतो. उलट पाइप अंगठ्याएवढा बाहेर आलेला असेल, तर परत येताना चाके अडकण्याची तुमची तक्रार निम्मी त्याचीच आहे. हा काठ बाहेर का काढतात याला इतिहास आहे : १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात, विशेषतः १९७६-७७च्या दुष्काळात, रिकाम्या पडलेल्या पोहण्याच्या तलावांत मुले बोर्ड चालवू लागली, आणि त्या तलावांच्या काठाला सिमेंटच्या पुढे आलेल्या ठोकळ्यांची कड असे. रॅम्पवरचा पाइप ही त्या कडेची नक्कल आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर या पाइपवर गंज चढतो आणि ट्रक त्यावर बसण्याऐवजी खरवडतो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये पहिल्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन जाणे वाया जात नाही.

बोर्ड बदला, होय. तुमच्या मुलीसाठी घेतलेला जुना बोर्ड बहुधा साडेसात इंच किंवा त्याहून अरुंद असेल. मोठ्या माणसाला रॅम्पवर सव्वाआठ ते साडेआठ इंच रुंदीचा, सात थरांच्या मॅपल लाकडाचा बोर्ड, त्याला शोभतील एवढे रुंद ट्रक आणि ५४ ते ५६ मिलिमीटरची टणक चाके बरी पडतात. मात्र हातात मोजकेच पैसे असतील, तर आधी गुडघ्यांचे पॅड घ्या. स्केटिंगच्या दुकानात संच म्हणून मिळणारे हलके पॅड पहिल्याच आपटीला पिंढरीवर सरकतात, आणि व्हॉलीबॉलचे मऊ पॅड काँक्रीटला चिकटतात. कठीण प्लॅस्टिकची वाटी असलेले पॅड घेतले की तोल गेल्यावर दोन्ही गुडघ्यांवर बसून रॅम्पवरून घसरत खाली येता येते, हात टेकावा लागत नाही. ही घसरण आधी मुद्दाम शिका, बोर्डशिवाय, अर्ध्या उंचीवरून धावत जाऊन, वीस-पंचवीस वेळा. मनगटाचे गार्ड आता तुमच्यासाठी ऐच्छिक राहिलेले नाहीत. हेल्मेट स्केटबोर्डसाठीचेच हवे, डोक्याचा मागचा भाग खालपर्यंत झाकणारे. स्कूटरचे हेल्मेट जड असते, त्याने मान ओढली जाते आणि मागून येणाऱ्याचा आवाजही ऐकू येत नाही.

वयाबद्दल फार लिहीत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या पार्क प्रकारात रौप्यपदक जिंकणारी कोकोना हिराकी १२ वर्षांची होती, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या त्याच प्रकारात ब्रिटनकडून उतरलेला अँडी मॅकडोनाल्ड ५१ वर्षांचा होता. अर्थात तो लहानपणापासून बोर्डवर आहे आणि तुम्ही दिवाळीपासून, तेव्हा त्याच्या नावाने घरात वाद जिंकायला जाऊ नका. वयाचा खरा परिणाम वेगळा आहे : दुखापत भरून यायला वेळ लागतो, आणि दमल्यावर पाय उशिरा हलतात. त्यामुळे दोन तासांऐवजी पाऊण तास करा, आणि ‘आता शेवटचा एक’ असे मनात आले की तो न करताच उतरा. मी मोडलेले करंगळीचे हाड त्या शेवटच्या एकाचेच होते.

मनगट बरे झाल्यावर सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी जा, आणि गर्दी झालीच तर एक संकेत लक्षात ठेवा, जो मुले सांगायला विसरतात. फलाटावर नुसते उभे राहून ‘माझा नंबर कधी?’ म्हणून वाट पाहणाऱ्याला कुणी जागा देत नाही. बोर्डची टेल पाइपवर टेकवून तिच्यावर पाय ठेवला की पुढची पाळी तुमची, हे सगळ्यांना कळते. रॅम्पवरचा गडी बाहेर पडेपर्यंत तसेच उभे राहायचे, आणि मग पुढचा पाय ठेवायचा.